मानव्यविद्यांचे प्रवेशक अभ्यासक्रम

विद्यापीठीय शिक्षणाच्या आरंभीच्या एका किंवा दोन वर्षांत, विद्यार्थी पुढे कोणत्याही विषयाचे विशेष अध्ययन करणार असला तरी, मानवी जीवनाविषयीच्या मूलभूत संकल्पनांचा चिकित्सक परिचय त्याला करून देणारे अभ्यासक्रम. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र, धर्माध्ययन इ. विद्याशाखांतील साधने त्यांत एकत्र वापरली जातात. संस्कृती, बाल्य, लिंगभाव, विज्ञान आणि धर्म हे अशा अभ्यासक्रमांचे नेहमीचे विषय होत. या पाचही शब्दांचा अर्थ विद्यार्थी गृहीत धरून येतो. त्या गृहीत अर्थांनाही इतिहास आहे, ते कोणीतरी, केव्हातरी, काही कारणाने घडविले आहेत, हे त्याला मूळ साधनांच्या आधारे दाखवून देणे, हे या अभ्यासक्रमांचे मुख्य कार्य मानले जाते. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा वाणिज्य या शाखांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असा विचार करण्याची ही बहुधा पहिली आणि शेवटची शिक्षणांतर्गत संधी असते. त्यामुळे त्यांत काय शिकवावे, याविषयीचे वाद तीव्र स्वरूपाचे झालेले आहेत.

ऐतिहासिक विकास : मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांत धर्मशास्त्र, विधी वा वैद्यक यांच्या अध्ययनापूर्वी व्याकरण, तर्क, अलंकारशास्त्र, अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष या सात विद्यांचे शिक्षण घ्यावे लागे. एकोणिसाव्या शतकात विशेषाध्ययनाला महत्त्व आले आणि अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी ऐच्छिक विषयांची पद्धत स्वीकारली. तीमुळे विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. तथापि सर्वांना समान असा ज्ञानाचा पाया उरला नाही.

या परिस्थितीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये ‘समकालीन संस्कृती’ या नावाचा अभ्यासक्रम प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांस आवश्यक केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी १९१८ मध्ये युद्धाच्या कारणांविषयीचा एक अभ्यासक्रम तेथे चालविला जात असे, त्यातून तो निर्माण झाला. म्हणजे प्रवेशक अभ्यासक्रमाच्या या आधुनिक प्रकाराचा उगम युद्धाचे समर्थन करण्याच्या गरजेत आहे. पुढे शांततेच्या समस्यांची चर्चा हे त्याचे उद्दिष्ट ठरले. त्याच विद्यापीठात जॉन अर्स्किन (१८७९–१९५१) यांनी १९२० मध्ये अभिजात ग्रंथांच्या वाचनाचा वर्ग सुरू केला. त्याच्या धर्तीवर १९३७ मध्ये साहित्याचा अभ्यासक्रमही सर्वांस आवश्यक झाला. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मेनार्ड हचिन्स (१८९९–१९७७) यांच्या कारकीर्दीत १९३१ पासून मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व निसर्गविज्ञाने यांचे सर्वसमावेशक अभ्यासक्रम आखण्यात आले. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या समितीने १९४५ मध्ये मुक्त समाजातील सामान्य शिक्षणासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा प्रभाव अमेरिकेबाहेरही पडला.

ग्रेट ब्रिटनमध्ये शालेय शिक्षणाच्या अखेरीसच विशेषाध्ययन सुरू होत असल्याने अशा अभ्यासक्रमांना फारसा वाव नव्हता. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने तो निर्माण केला. १९७१ मध्ये अध्यापन सुरू करणाऱ्या या विद्यापीठास प्रवेशासाठी कोणतीही पूर्वपात्रता लागत नसे. म्हणूनच पायाभूत अभ्यासक्रमांची तेथे विशेष आवश्यकता होती. मुद्रित पाठ, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या साहाय्याने ते नोकरी करणाऱ्या प्रौढांपर्यंत पोहोचविण्यात आले.

संस्कृती : मॅथ्यू आर्नल्ड (१८२२–८८) यांच्या १८६९ मधील विवेचनात संस्कृती म्हणजे मानवाने विचारलेल्या व व्यक्त केलेल्या उत्कृष्टाचा परिचय होय. एडवर्ड बर्नेट टायलर (१८३२–१९१७) यांनी १८७१ मध्ये केलेल्या व्याख्येत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशा समाजात राहून मिळविलेल्या सर्व क्षमता व सवयींचा समावेश होतो. पहिल्या अर्थाने माणूस सुसंस्कृत किंवा असंस्कृत असू शकतो. दुसऱ्या अर्थाने संस्कृतीविना माणूसच असू शकत नाही. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने मांडलेले हे दोन अर्थ आजही एकाच शब्दात नांदतात. फ्रांट्‌स बोॲस (१८५८–१९४२) यांनी वंश व संस्कृती यांची फारकत केली आणि समाजांची उच्चनीच श्रेणी लावण्यास विरोध केला. बोॲस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या कोलंबियातील परिसंवादवर्गात भीमराव रामजी आंबेडकर यांनी मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचा उलगडा वंशभेदाने होत नाही, सांस्कृतिक दृष्ट्या एकजिनसी असलेल्या समाजाचे अंतर्विवाहाच्या बंधनाने तुकडे पडून ती निर्माण होते, हे त्यातील प्रतिपादन संस्कृतीच्या नव्या संकल्पनेचा भारतीय समाजाच्या संदर्भात केलेला लक्षणीय विनियोग होय.

मराठीतील ‘संस्कृती’ या शब्दाचा प्रवासही उद्‌बोधक आहे. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी यांना या अर्थाचा हा शब्द १९२२ मध्ये पॅरिस येथे एका महाराष्ट्रीय मित्राकडून कळला; रवींद्रनाथ टागोर यांनी तो पसंत केला आणि बंगालीत पूर्वी योजलेला ‘कृष्टि’ हा शब्द मागे पडला.

बाल्य : बालपण ही निसर्गसिद्ध व सार्वकालिक अवस्था असल्याचा समज फ्रेंच इतिहासकार फिलिप आर्येस (१९१४–८४) यांच्या १९६० मधील ग्रंथाने डळमळीत केला. चित्रे, पोशाख, खेळ व शाळांचे वृत्तांत यांच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादिले की, मध्ययुगीन यूरोपात बाल्याची स्वतंत्र कल्पना नव्हती. मूल आईवाचून वावरू लागले की ते प्रौढांच्या जगात मिसळून जाई. लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये रोजनिशा व आत्मवृत्ते यांच्या आधारे या मताचा प्रतिवाद केला : पूर्वीच्या आईबापांनाही मुलांविषयी माया होती व बाल्याची जाणीव होती, असे त्यांचे म्हणणे. प्रवेशक अभ्यासक्रमांत हे दोन्ही पक्ष शेजारी ठेवून वाचले जातात. कारण चित्रांवरून काय सिद्ध होते आणि रोजनिशीवरून काय, हा पुराव्याविषयीचा प्रश्न त्यांतून उभा राहतो.

असाच प्रश्न मुंबई इलाख्याच्या इतिहासातूनही शिकविता येतो. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांपुरते मर्यादित केले. पुढच्याच वर्षी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १८८४ मध्ये रखमाबाईंवरील खटला सुरू झाला. अकराव्या वर्षी झालेल्या विवाहामुळे नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे बंधन त्यांच्यावर येते काय, हा त्यातील वादविषय होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांनी या सुधारणेचा पुरस्कार केला, तर बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. एकाच इलाख्यात एका दशकात सातव्या वर्षी कामगार, बाराव्या वर्षापर्यंत विद्यार्थी आणि अकराव्या वर्षी पत्नी अशी मुलांची तीन रूपे कायद्यात वा वादात दिसतात. त्यांपैकी कोणते बालपण ‘नैसर्गिक’, या प्रश्नाला वयाच्या आकड्याने उत्तर मिळत नाही. ते मूल कोणत्या जातीचे, वर्गाचे व लिंगाचे आहे, याचा विचार करावा लागतो. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने अठरा वर्षांखालील व्यक्तीस सामान्यतः बालक मानले, ही त्या दीर्घ इतिहासातील अलीकडची मर्यादा होय.

लिंगभाव : मराठीत ‘लिंग’ हा शब्द शरीरभेदासाठी आणि व्याकरणातील विभागणीसाठी असा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. स्त्रीने कसे असावे आणि पुरुषाने कसे, याविषयीच्या समाजकृत कल्पनांसाठी ‘लिंगभाव’ ही संज्ञा त्यापासून वेगळी करण्यात आली. सीमोन द बोव्हार (१९०८–८६) यांनी १९४९ मध्ये स्त्रीत्व हे जन्मजात नसून घडविले जाते, असा सिद्धांत मांडला. ॲन ओकली यांनी १९७२ मध्ये लिंग व लिंगभाव यांतील भेद समाजशास्त्रात स्पष्ट केला. जोन स्कॉट यांनी १९८६ मधील निबंधात लिंगभाव ही इतिहासलेखनाची उपयुक्त कोटी असल्याचे दाखविले. अमेरिकेत सॅन डिएगो येथील राज्य महाविद्यालयात १९७० मध्ये स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला.

या विषयाचे एक प्रभावी मराठी साधन म्हणजे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हे पुस्तक होय. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ मध्ये झालेली शिक्षा व तीनिमित्त वृत्तपत्रांनी एकंदर स्त्रीजातीवर केलेले दोषारोप, हे त्याच्या लेखनाचे निमित्त. स्त्रियांवर लादले जाणारे दोष पुरुषांत अधिक प्रमाणात असल्याचे लेखिकेने एकेक दोष घेऊन दाखविले आहे. फुले यांनी सत्सारमध्ये (१८८५) या पुस्तकाची बाजू घेतली. तथापि पुढे ते विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केल्यावर पुन्हा प्रकाशात आले. जवळजवळ नव्वद वर्षे एखादे पुस्तक कोणाच्याच पाठ्यक्रमात का नसावे, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या आशयाइतकाच शिकविण्याजोगा आहे.

विज्ञान व धर्म : विज्ञान आणि धर्म यांच्यात अखंड संघर्ष चालत आला आहे, ही कल्पना मुख्यतः दोन ग्रंथांनी लोकप्रिय केली : जॉन विल्यम ड्रेपर (१८११–८२) यांचा १८७४ मधील आणि अँड्रू डिक्सन व्हाइट (१८३२–१९१८) यांचा १८९६ मधील. मध्ययुगीन विद्वान पृथ्वी सपाट मानीत असत आणि कोलंबसने त्यांना खोटे पाडले, हा समज अशाच लेखनातून दृढ झाला. वस्तुतः पृथ्वीचे गोलत्व त्या विद्वानांना मान्य होते. कोलंबसशी त्यांचा मतभेद होता तो आशियापर्यंतच्या अंतराविषयी, आणि त्या बाबतीत चूक कोलंबसची होती. उलट रॉबर्ट के. मर्टन (१९१०–२००३) यांनी १९३८ मध्ये सतराव्या शतकातील इंग्लंडमधील विज्ञानाच्या वाढीस प्युरिटन मूल्ये पोषक ठरल्याचे प्रतिपादन केले. जॉन हेडली ब्रुक यांनी १९९१ मध्ये संघर्ष किंवा सुसंवाद यांपैकी कोणतेही एकच सूत्र इतिहासाला लागू पडत नाही, असा निष्कर्ष काढला. याचा अर्थ संघर्ष नव्हताच, असा होत नाही. गॅलिलीओला १६३३ मध्ये झालेली शिक्षा किंवा उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल टेनेसी राज्यात १९२५ मध्ये चाललेला खटला हे खरेखुरे प्रसंग होत. मात्र प्रत्येकाची स्थानिक कारणे स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

या चर्चेत भाषेचाही विचार अपरिहार्य ठरतो. ‘वैज्ञानिक’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच विल्यम ह्यूएल (१७९४–१८६६) यांनी १८३० नंतरच्या काळात घडविला. न्यूटनला तो ठाऊक नव्हता. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ‘विज्ञान’ म्हणजे प्रपंचाचे ज्ञान. आज त्याच शब्दाने प्रयोगसिद्ध ज्ञानाचा बोध होतो. धर्मशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोहोंत ‘शास्त्र’ हे एकच पद येते. ‘धर्म’ या शब्दात कर्तव्य, आचार, कायदा व स्वभाव हे अर्थ असल्याने विशिष्ट श्रद्धा व उपासना असलेला पंथ या पाश्चात्त्य अर्थाशी तो पूर्णपणे जुळत नाही. ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ हा वाद मराठीत मांडताना त्याच्या दोन्ही बाजू आधी निश्चित कराव्या लागतात, त्या यामुळेच.

विज्ञानाच्या इतिहासाचे प्रवेशक अध्यापन नव्या संशोधनासही कारणीभूत ठरू शकते. हार्व्हर्डचे अध्यक्ष, रसायनशास्त्रज्ञ जेम्स ब्रायंट कोनंट (१८९३–१९७८) यांनी विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी ऐतिहासिक उदाहरणांवर आधारलेला अभ्यासक्रम आखला. त्याच्या अध्यापनात साहाय्य करण्यासाठी १९४७ मध्ये टॉमस कून (१९२२–९६) या भौतिकीच्या विद्यार्थ्याची निवड झाली. तयारीसाठी ॲरिस्टॉटलचे भौतिकीविषयक लेखन वाचताना, ते न्यूटनच्या चष्म्यातून पाहिल्यामुळेच आपणास असंबद्ध वाटते, हे त्याच्या ध्यानात आले. वैज्ञानिक क्रांतीसंबंधीच्या त्याच्या १९६२ मधील ग्रंथाचे बीज या अनुभवात आहे.

अध्यापनपद्धती : या अभ्यासक्रमांची परिणामकारकता ग्रंथांच्या यादीपेक्षा वर्गाच्या आकारावर व वाचनाच्या रीतीवर अधिक अवलंबून असते. कोलंबियात साधारणतः वीस-बावीस विद्यार्थ्यांचे चर्चावर्ग भरतात. अन्यत्र मोठे सामाईक व्याख्यान व त्यास जोडून लहान चर्चागट अशी रचना आढळते. विद्यार्थ्याने मूळ संहिता स्वतः वाचावी, तीतील विधान व त्याचा आधार वेगळे काढावेत, विरुद्ध मत न्याय्य रीतीने मांडावे आणि मगच स्वतःचे मत निबंधरूपाने लिहावे, ही सर्वसामान्य अपेक्षा असते. यासाठी अनेक अध्यापक लागतात आणि प्रत्येकाला स्वतःच्या विषयाबाहेर शिकवावे लागते. ही पद्धत खर्चिक असून संशोधनाला मान देणाऱ्या विद्यापीठांत ती उपेक्षित राहण्याची भीती असते. मार्गदर्शिकांवरून टिपणे पाठ करून परीक्षा देता आली, तर अभ्यासक्रमाचे नाव तेच राहूनही त्याचा हेतू नष्ट होतो.

ग्रंथांच्या निवडीचा वाद : सर्वांनी कोणते ग्रंथ वाचावेत, हे ठरविणे म्हणजे कोणाचा वारसा सर्वांचा मानावा, हे ठरविणे होय. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० पासून पाश्चात्त्य संस्कृतीचा अभ्यासक्रम आवश्यक होता. त्यात स्त्रिया व गौरेतर लेखक यांना स्थान नाही, असा आक्षेप विद्यार्थ्यांनी घेतला. उलट पक्षाच्या मते, ज्या परंपरेने स्वातंत्र्य व समता यांच्या कल्पना घडविल्या, तिचा परिचय टाळणे विद्यार्थ्यांच्याच हिताला बाधक होते. ३१ मार्च १९८८ रोजी अध्यापकसभेने ३९ विरुद्ध ४ मतांनी या अभ्यासक्रमाच्या जागी ‘संस्कृती, कल्पना व मूल्ये’ हा अभ्यासक्रम स्वीकारला. १९९७ मध्ये मोजक्या संहितांच्या सखोल वाचनावर भर देणारा मानव्यविद्यांचा प्रवेशक अभ्यासक्रम त्याच्या जागी आला आणि २०१२ मध्ये तोही बदलण्यात आला. कोलंबियाच्या साहित्य अभ्यासक्रमातही जेन ऑस्टेन या पहिल्या लेखिकेचा समावेश १९८५ मध्ये, म्हणजे तो सर्वांस आवश्यक झाल्यानंतर ४८ वर्षांनी झाला. त्याच विद्यापीठात पौर्वात्य परंपरांसाठी तयार झालेल्या वाचनसंग्रहांपैकी भारतीय परंपरेचा खंड १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याद्वारे रानडे, टिळक व गोखले यांचे विचार अमेरिकन विद्यार्थ्यांच्या वाचनात आले.

यादी बदलल्याने प्रश्न सुटत नाही, हे या इतिहासावरून दिसते. प्रत्येक नवी यादीही काही वगळतेच. म्हणून आपली यादी कोणी, का व केव्हा केली, याची चर्चा अभ्यासक्रमाचाच भाग करावी, असा विचार पुढे आला आहे.

भारतातील स्थिती : डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सामान्य शिक्षणाचा विचार स्वतंत्रपणे केला. पदवीच्या पहिल्या वर्षी थोर धर्मसंस्थापकांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतील सार्वत्रिक स्वरूपाचे वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मध्यवर्ती समस्या शिकविण्याची शिफारस त्याने केली. पुढील काळात अलीगढ व बडोदे येथील विद्यापीठांत सामान्य शिक्षणाचे प्रयोग झाले. तथापि संलग्न महाविद्यालयांची मोठी संख्या, बहिःस्थ परीक्षांचे वर्चस्व आणि विषयनिहाय विभागांची रचना यांमुळे ते सर्वत्र रुजले नाहीत. तंत्रविज्ञान संस्थांत मात्र मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांचे काही अभ्यासक्रम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस आवश्यक राहिले.

लिंगभावाच्या अध्ययनास मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र स्थापून चालना दिली. तेथेच १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासविषयक पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुणे विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्र १९८७ मध्ये निघाले. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांच्या पदवीक्रमात अकरा पायाभूत अभ्यासक्रम सर्वांस आवश्यक केले; ते उथळ असल्याची टीका झाली आणि २०१४ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० व त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला आराखडा यांनी बहुविद्याशाखीय अभ्यासक्रम पुन्हा आवश्यक मानले आहेत.

मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या योजनांचे यश मुख्यतः मूळ साधनांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील. पाश्चात्त्य ग्रंथांचे विश्वसनीय अनुवाद जसे त्याला हवेत, तसेच फुले यांचे निवेदन, ताराबाईंचे पुस्तक, आगरकर व टिळक यांचे संमतिवयावरील लेख हे एका वर्गात समोरासमोर ठेवून वाचण्याची सोयही हवी. ज्या शब्दांनी आपण रोजचा व्यवहार करतो, त्यांवर आपल्याच भाषेत पूर्वी किती कडाक्याचा वाद झाला होता, हे अठराव्या वर्षी एकदा कळले, तर कोणताही रूढ अर्थ अंतिम मानण्याची घाई तो विद्यार्थी सहसा करणार नाही.